चुनचुनिया: दोन बोटं पाण्यातली भाजी

जे झाड धानातून उपटून फेकायला लोक बाया लावतात, तेच लावायला मी बाया लावल्या. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात माझी ओळख अशीच करून देत, "हा पाहा, कचरा पेरणारा मरार." भाजीपाल्याच्या धंद्यावर काही लिहा म्हणून संपादकांचं पत्र आलं, तेव्हा मला वांगी आठवली नाहीत, वाल आठवला नाही, अळूची कोचईही आठवली नाही. हे सगळं मी चाळीस वर्षं पिकवलं आणि विकलं. पण अजून ज्या भाजीचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात आणि घरचे हसतात, ती एकच. तिचं नाव चुनचुनिया.

ती काय चीज आहे ते आधी सांगतो. चिखलातून दोऱ्यासारखी बारीक वेल सरपटत जाते. गाठीगाठीला मूळ धरते आणि प्रत्येक गाठीतून एक देठ वर काढते. देठाच्या टोकाला चार पानं, फुलीसारखी समोरासमोर. उंची म्हणाल तर वीतभरही नाही. फूल येत नाही, फळ येत नाही. एकदा लावली की वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. पान कोवळं असताना खायचं. जून झालं की देठ सुतळीसारखा दातात अडकतो. दिवस कलला की पानं मिटतात. म्हणूनच असेल, ही भाजी खाल्ली की गाढ झोप लागते अशी लोकांची समजूत आहे. त्या समजुतीबद्दल पुढं सांगतो.

आम्ही जातीचे मरार, म्हणजे भाजीपाला पिकवणारे. गावच्या बोडीखाली, म्हणजे लहान तळ्याच्या पाळीखाली, आमची बाडी, भाजीचा मळा, होता. वडील गेल्यावर तो मी सांभाळत होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आठ-नऊ वर्षं आधी माझं लग्न झालं. बायको डोंगरगडच्या पलीकडची, छत्तीसगडातली. नाव सुकवारो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती माहेराहून परत आली, तेव्हा तिच्या गाठोड्यात लुगडी होती, चिवडा होता आणि ओल्या फडक्यात बांधलेला चिखलाचा एक गोळा होता. त्यातून हिरवे दोरे लोंबत होते.

"हे कायले आणलं?" मी विचारलं. "आपल्या धानात का कमी आहे?"

"ते खायचं नोहे," ती म्हणाली. "हे खायचं होय."

मी हसलो. पण जवळून पाहिलं तर फरक होता. आमच्या धानातली चारपानी बारीक असते, नखाएवढी. हिच्या माहेरच्या तळ्यातली पानं जुन्या रुपयाएवढी होती.

पहिली दोन वर्षं आम्ही नुसती हरलो. आधी बोडीच्या काठाला लावली. पाणी चढलं तसे देठ हातभर लांबले, पानं पाण्यावर तरंगायला लागली आणि चामड्यासारखी झाली. मग वांग्यांच्या वाफ्याजवळ, कोरड्या अंगाला लावली. तिथं पानं बारीक झाली आणि बुडाशी काळ्या, टणक, मिरीएवढ्या घेवड्या धरल्या. या घेवड्या म्हणजे तिचं बी समजा. वर्षानुवर्षं कोरड्या मातीत पडून राहतात आणि पाणी मिळालं की उठतात. हे वाक्य ध्यानात ठेवायला मला फार वेळ लागला.

तिसऱ्या वर्षी सुकवारोनं पाळीखालच्या झिरप्याची जागा निवडली. तिथं बाराही महिने पाणी पाझरतं. तिनं एक सपाट वाफा केला, तळ्याचा गाळ आणि शेणखत कालवलं, आणि एकेक गाठ असलेले वेलीचे तुकडे चिखलात दाबले. मग पाणी सोडलं आणि त्यात दोन बोटं आडवी बुडवून पाहिली. पाणी बोटांच्या वर आलं की बांध फोडायची, खाली गेलं की झिरप्याचं तोंड मोठं करायची. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी हे काम. मी म्हणायचो, लहान लेकराचा ताप पाहावा तशी पाहते.

वीस दिवसांनी मी सहज वाफ्याकडे गेलो आणि उभाच राहिलो. सगळा वाफा एका उंचीचा, पोपटी, ताठ. मातीचा कण दिसत नव्हता. मी कुणब्याचं धान पाहिलं आहे, पवारांच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, पाहिली आहेत, पण असा सारखा हिरवा रंग मी कधी पाहिला नव्हता. सुकवारोनं विळ्यानं कापली नाही. देठ दोन बोटांत धरून नुसतं कोवळं तेवढं खुडत गेली. दहा दिवसांनी वाफा पुन्हा तसाच भरला. पुन्हा खुडली. पुन्हा भरला. मला खूळ लागायचीच वेळ आली.

घरी तिनं ती लाखोरीच्या डाळीत, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी देऊन केली. धुताना सात वेळा पाणी बदललं, कारण चिखलाची भाजी नीट धुतली नाही तर दाताखाली वाळू येते. मी तीन वेळा भात मागून घेतला. पण गावात कोणी घेईना. "धानातला कचरा इकत घेऊन खायचा का?" असं तोंडावर म्हणत. आमच्या भागात लोक पोटातलं ओठावर आणायला वेळ लावत नाहीत.

तेव्हा मी आठवड्यातून एकदा छोट्या लायनीच्या गाडीनं गोंदियाला वांगी नेत असे. एका खेपेला सुकवारोनं कावडीच्या एका टोपलीत वर ओलं फडकं टाकून चुनचुनियाच्या पेंढ्या ठेवल्या. "कोणी नाही घेतलं तर फेकून या," म्हणाली.

गोंदियाचा बाजार आटोपून मी कुडव्याकडे निघालो. कुडवा तेव्हा गोंदियाबाहेरचं गाव होतं. तिथं एका पडवीत बाया बिड्या वळत बसत, त्यातल्या कितीतरी छत्तीसगडच्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तमाखू. मी कावड टेकवली, "वांगी घ्या वांगी" म्हणालो आणि घाम पुसायला त्या टोपलीवरचं फडकं उचललं.

एका प्रौढ बाईचे वळते हात थांबले. तिचं नाव मंगतीन, हे मला मागाहून कळलं. नवऱ्यामागं रेल्वेच्या कामावर आलेली आणि मग बिड्यांत बसलेली. ती सूप खाली ठेवून उठली, टोपलीजवळ आली, एक पान तोडून कच्चंच तोंडात टाकलं.

"ए बाबू," ती हळूच म्हणाली, "ये तो चुनचुनिया आय. कहाँ ले लाने हस?"

"घरची होय," मी म्हणालो. "बाडीतली."

तिनं मागं वळून नुसतं नाव घेतलं. त्यानंतर काय झालं ते मला धड सांगता येणार नाही. पडवीतल्या सगळ्या बाया उठल्या. मुकादम मागून ओरडत होता, "काऊन उठल्या? बसा खाली." कोणी ऐकेना. माझी वांगी पायांखाली गेली. एकीनं दोन पेंढ्या पदरात टाकल्या तर दुसरी त्यातली एक ओढून घेत होती. एक तरुण बाई पेंढी नाकाला लावून उभी होती, विकत घेत नव्हती, परत देत नव्हती. टोपली रिकामी झाली तेव्हा मंगतीननं माझ्या कावडीचा दोर धरला. "आठ दिन में फेर आबे. वांगी झन लाबे." पुन्हा ये, वांगी आणू नको.

टेशनापासून घरापर्यंतची वाट मी चाललो की पळालो, मला आठवत नाही. बाडीत सुकवारो वालाला काठ्या रोवत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मुकादमाची नक्कल करून दाखवली. तिनं काठी नीट ठोकून घेतली आणि विचारलं, "मंग दुसरा वाफा कुठं करू?"

पुढची दोन-तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात धावपळीची आणि सगळ्यात मजेची. एका वाफ्याचे सहा झाले, लावायला बाया लावाव्या लागल्या. उन्हाळ्यात सगळीकडच्या पालेभाज्या करपत, तेव्हा झिरप्यामुळं आमची हिरवी राही. गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एका शेठच्या घरचे म्हातारे महाराज, म्हणजे स्वयंपाकी, दर खेपेला माझ्याकडून चार पेंढ्या घेत आणि पिशवीत फुलकोबीच्या खाली दडवत. शेठच्या आईला ही भाजी आवडायची आणि शेठला ती मजुरांची वाटायची. आई चवीनं खात होती आणि लेकाला पत्ता नव्हता.

दुसरे छोट्या लायनीवरचे एक ड्रायव्हरसाहेब. त्यांना पाळीच्या कामानं झोप येत नसे. मंगतीननं त्यांच्या बायकोला ही भाजी सांगितली. पंधरा दिवसांनी साहेब मला बाजारात शोधत आले, चेहरा लाल.

"तेरी भाजी ने मेरी इज्जत ले ली," ते म्हणाले. "छुट्टी के दिन दोपहर में खाकर लेटा. साले की बारात दरवाजे से बाजा बजाते निकल गई, मैं सोता रहा. ससुराल में मुँह दिखाने लायक नहीं रहा."

मी हात जोडले. म्हणालो, "साहेब, मग आता देऊ नको?"

"दो पेंढी दे," ते म्हणाले.

खरं सांगायचं तर भाजीनं झोप येते की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्यांच्या घरी भाजीत तूप किती पडत होतं आणि वर भात किती, तेही पाहायला हवं. पण मी हे त्यांना सांगितलं नाही. धंदा करणाऱ्यानं सगळंच बोलू नये.

एव्हाना मला चढली होती. गोंदियात लोक मला चुनचुनियावाला म्हणत आणि मी ते नाव मिरवत होतो. सहा वाफे मला कमी वाटायला लागले. पाळीखालची जागा संपली होती. खालच्या अंगाला, धानाच्या पाटाला लागून एक मोकळा पट्टा होता. मी तिथं आणखी चार वाफे आखले.

सुकवारो म्हणाली, "तिकडं नका नेऊ. पाणी खाली जाते. पाण्यासंगं हे बी जाईल."

"तुले गोंदियाचं काय माहीत?" मी म्हणालो. "तिथं लोक वाट पाहून राहिले."

ती वरच्या वाफ्यांकडे वळली. चारही वाफे मीच लावले.

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. चौथ्या सकाळी गेलो तर खालचे चारही वाफे जागेवर नव्हते. बांध फुटून सगळा गाळ, वेलीसकट, पाटात गेला होता. मी माझ्या वाफ्यांसाठी कपाळाला हात लावून बसलो. सुकवारो वाफ्यांकडे पाहत नव्हती. ती पाटाच्या खालच्या टोकाकडे पाहत होती, जिथं चैतराम बिसेन यांच्या बांध्या सुरू होत.

चैतरामकाकाजी जातीचे पवार. त्यांचे वाडवडील माळव्याहून आलेले, आणि बांधी कशी राखावी हे त्यांच्या घराण्याकडून शिकावं. धुरे, म्हणजे शेताचे बांध, सुतानं आखल्यासारखे. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, होऊन पंधरा दिवस झाले होते. चिखल मऊ, पाणी उथळ, खत भरपूर. चुनचुनियाला याहून चांगला वाफा कोणी करून दिला नसता. वेलीचा प्रत्येक तुटका तुकडा गाठीला रुजला. महिन्याभरात त्यांच्या पाटालगतच्या मोठ्या बांधीत धानाच्या बुडाशी हिरवी गोधडी अंथरली गेली. धान पिवळं पडायला लागलं.

काकाजी भांडले नाहीत. चावडीवर गेले आणि पाटलांना सांगून मला बोलावलं. अर्धा गाव जमला होता. काकाजींनी एक मूठभर वेल माझ्यासमोर ठेवली.

"हे तुयं होय का नाही?" त्यांनी विचारलं.

आता जे सांगतो ते मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही. मी त्या वेलीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि म्हणालो, "काकाजी, हे बायकोचं काम होय. तिच्या माहेरचं झाड. तिनं आणलं, तिनं लावलं. मले काय माहीत, असं होईल म्हणून."

मग मागून हालचाल झाली आणि बायांमधून सुकवारो पुढं आली. ती आली आहे हे मला माहीत नव्हतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे पाहिलं नाही, काकाजींना म्हणाली, "बाबाजी, मी काढून देईन. सगळं. जेवढे साल लागतील तेवढे साल."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती त्या बांधीत उतरली. मी गेलो नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटणारा माणूस बहुतेक वेळा घरीच बसतो. बाडीत उगाच इकडंतिकडं केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी धुऱ्यावर जाऊन उभा राहिलो. काकाजी छत्री घेऊन तिथंच बसले होते. मला पाहून म्हणाले, "पाहाले आला का? पाहून घे मंग. बाई दोन दिवसांपासून वाकून राहिली."

मी धोतर खोचून चिखलात उतरलो. ही वेल ओढून निघत नाही. ओढली की तुटते आणि जितके तुकडे तितकी नवी झाडं. पायाच्या अंगठ्यानं चिखल सैल करायचा, बोटं खाली घालायची आणि उसवलेल्या शिवणीतून दोरा काढावा तशी सबंध वेल अलगद काढायची. शेवटी बुडाशी घेवड्या धरल्या असतील तर त्याही वेचायच्या. सुकवारोनं तोंडानं शिकवलं नाही, नुसती सरकली आणि मला तिच्या बाजूची ओळ दिली. दुपारपर्यंत आम्ही शेजारी शेजारी वाकलो होतो.

"चावडीत मी बोललो ते वाईट बोललो," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "वाईट बोलला." आणि पुढची वेल उचलली.

मला वाटलं होतं, ती म्हणेल जाऊ द्या. ती म्हणाली नाही. एका परीनं बरंच झालं.

ती बांधी साफ करायला आम्हाला अठरा दिवस लागले. तरी त्या साली काकाजींचं तिथलं धान मोठ्या फटक्यानं कमी आलं. आमच्या बाडीतलं एक पोतं वाल आणि एक पोतं तूर सुकवारोनं स्वतः डोक्यावर नेऊन त्यांच्या पडवीत ठेवलं. दुसऱ्या साली रोवणी झाली आणि घेवड्या उठल्या. आम्ही पुन्हा उतरलो. तिसऱ्या साली पुन्हा. तेव्हा मात्र काकाजी धुऱ्यावरून म्हणाले, "बाई, आता पुरे कर. राहिलं ते माया बैलाईले खाऊ दे." त्या बांधीत ती अजून निघते. मी तिकडून गेलो की काकाजींचा नातू मुद्दाम एक वेल उचलून दाखवतो.

खालचे वाफे आम्ही कायमचे मोडले. वरच्या झिरप्याला सुकवारोनं नवीच सोय केली. वाफ्यांतून पाणी बाहेर पडतं तिथं ढिवराकडून विणून आणलेली बांबूची दाट चटई उभी केली, मासे अडवतात तशी. पलीकडं एक खड्डा. चटईतून काही निसटलंच तर खड्ड्यात अडकायचं, आणि खड्डा दर आठवड्याला उपसायचा. मग गावातल्या दुसऱ्या कुणालाही वेल लावायला द्यायची असली तर सुकवारो आधी चटई दाखवायची. चटई लावणार नसशील तर वेल नाही.

लढाई लागली, बाजारात धान्याची ओढाताण झाली आणि ज्यांनी कचरा म्हणून नाक मुरडलं होतं ते आमच्या दारात पेंढ्या मागायला यायला लागले. गावात किती घरांनी त्या दोन उन्हाळ्यांत भाताबरोबर रोज हीच भाजी खाल्ली, ते मला माहीत आहे. गोंदियाची टोपली मात्र आम्ही चुकवली नाही.

अशाच एका आठवड्यात मी पेंढ्या बांधत होतो, तर सुकवारो नवं लुगडं नेसून समोर आली.

"मी बी येईन गोंदियाले," ती म्हणाली. इतकी वर्षं मी जात होतो आणि एकदाही तिला सोबत येतेस का म्हणून विचारलं नव्हतं. कारण शोधलं तर सापडत नाही. सुचलं नाही, एवढंच.

कुडव्याच्या पडवीत मी कावड ठेवली आणि मंगतीनला म्हणालो, "ही सुकवारो. भाजी हिच्या माहेरची. हिनंच लावली, हिनंच वाचवली. मी इतकी वर्षं नुसता हमाल होतो."

मंगतीननं तिला आपादमस्तक पाहिलं आणि छत्तीसगडीत विचारलं, तुझं गाव कोणतं. सुकवारोनं सांगितलं. एक बाई मागून म्हणाली, माझी मावशी त्याच गावात दिली आहे. दुसरीनं तिथल्या तळ्याचं नाव घेतलं. आणि मग माझी बायको बोलायला लागली. आमच्या घरात ती आमची बोली बोलायची, मोजकी, चुकू नये म्हणून जपून. इथं ती हात नाचवत होती, मध्येच हसत होती, कुणाचं तरी बोलणं तोडून आपलं सांगत होती. कोणत्या तळ्याची भाजी गोड, कोणत्या तळ्याची तुरट, कुणाच्या सासूनं कशात घातली. मुकादम दारात येऊन उभा राहिला आणि न ओरडता परत गेला. मी ओट्यावर बसून ऐकत होतो. बारा वर्षांच्या संसारात हिला इतकं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं.

पेंढ्या केव्हाच संपल्या होत्या. मी म्हणालो, "गाडीची वेळ होऊन राहिली."

"जाऊ द्या गाडीले," ती म्हणाली आणि पुन्हा बायांकडे वळली.

गाडी गेली. आम्ही पायी निघालो, सहा कोस. रिकामी कावड माझ्या खांद्यावर, आणि ती शेजारून चालत सांगत होती, अर्धं आमच्या बोलीत, अर्धं तिच्या. मला निम्मंच कळत होतं. जे कळलं नाही ते मी थांबवून विचारत गेलो, आणि ती मागं जाऊन पुन्हा सांगत गेली. बोडीची पाळ दिसायला लागली तेव्हा दिवस बुडत होता आणि तिचं सांगणं अजून संपलं नव्हतं.